खाणपट्ट्यातल्या दगडाला गोंडांचं नाव देणारे सर लुईस फर्मर

भरवेली : मँगनीज म्हटलं की बालाघाट जिल्ह्यात भरवेलीचं नाव आधी निघतं. या पट्ट्यातल्या खनिजाचा पाया घालणारा अभ्यास मात्र एका इंग्रज माणसाने केला. त्यांचं नाव सर लुईस ली फर्मर.

फर्मर यांचा जन्म १८८० चा, लंडनचा. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. खात्याची कचेरी कोलकात्यात. त्या काळी देशातलं विज्ञान बहुतेक त्याच शहरात एकवटलेलं होतं. संग्रहालय, प्रयोगशाळा, विद्वानांच्या सभा, सगळं तिथंच.

पण दगड काही कोलकात्यात नव्हते! पोलादासाठी मँगनीजची मागणी वाढली होती आणि १९०० च्या सुमारास मध्य प्रांतात खाणी सुरू झाल्या होत्या. फर्मर यांनी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा हा सारा मुलूख अभ्यासाला घेतला. १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीज साठ्यांवर त्यांचा हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ निघाला.

या पट्ट्यात मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटीचा एक खडक सापडतो. फर्मर यांनी त्याला ‘गोंडाईट’ नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. आजही जगभरचे भूशास्त्रज्ञ अशा खडकाला हेच नाव वापरतात.

पुढे फर्मर खात्याचे संचालक झाले. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. १९३५ मध्ये ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी कोलकात्यात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. हीच संस्था आज दिल्लीत भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखली जाते. १९५४ मध्ये त्यांचं निधन झालं.

हिशेब मांडला तर एक गोष्ट खटकते. खनिज परदेशी भट्ट्यांकडे गेलं, मान-सन्मान कोलकाता आणि लंडनला मिळाले. ज्यांच्या जमिनीवर हे शास्त्र उभं राहिलं, त्या गोंडांच्या वाट्याला आलं ते नाव आणि खाणीतली मजुरी.

१९५६ मध्ये नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट-छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. खडकाची पट्टी मात्र एकच आहे, सीमेच्या अलीकडेही अन् पलीकडेही. तिच्यावर संशोधन करणारी पुढची पोरं याच गावांतून निघाली, तर फर्मर यांनी दिलेल्या नावाचं खरं चीज होईल.