नवशिष्य संत स्तानिस्लाव कोस्तका

आपल्या लोकांत स्तानिस्लाव हे नाव पुष्कळांचे असते. तथापि ह्या नावाच्या तरुण संताने काय केले, असे विचारले तर बहुतेकांस उत्तर देता येत नाही. ह्यात दोष केवळ विचारलेल्यांचा नव्हे. ह्या संताने ग्रंथ लिहिला नाही, मठ स्थापिला नाही, दूरदेशी जाऊन कोणास बाप्तिस्मा दिला नाही. येशूसंघात तो जेमतेम साडेनऊ महिने राहिला, तोही नवशिष्य म्हणून, आणि अठरावे वर्ष पुरे होण्याआधीच वारला. मग पवित्र सभेने त्यास वेदीवर का बसविले? ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हास त्याच्या चमत्कारांपेक्षा रोममधील नवशिष्यगृहाच्या स्वयंपाकघरात अधिक सापडते.

स्तानिस्लावचा जन्म पोलंड देशातील रोस्तकोवो ह्या गावी 28 ऑक्टोबर 1550 रोजी एका सरदार घराण्यात झाला. 1564 साली वडील बंधू पावेल व एक शिक्षक ह्यांच्यासह त्यास विद्याभ्यासासाठी व्हिएन्ना येथे धाडण्यात आले. तेथे येशूसंघीयांचे वसतिगृह लवकरच बंद पडले आणि ह्या मंडळीस एका लुथरपंथी गृहस्थाच्या घरी बिऱ्हाड करावे लागले. पावेल खुशालचेंडू, धाकट्याची प्रार्थना व उपास त्याच्या डोळ्यांत खुपत. तो त्याची टवाळी करी, प्रसंगी हातही उगारी. स्तानिस्लाव हे मुकाट्याने सोशी, पण आपला नेम सोडीत नसे.

येशूसंघात जाण्याचा त्याचा निश्चय ठरला, तेव्हा बापाच्या संमतीवाचून घेता येत नाही, असे व्हिएन्नाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. बाप संमती देणार नाही, हे स्तानिस्लाव जाणून होता. 1567 च्या ऑगस्टात उंची वस्त्रे टाकून, जाडाभरडा वेष करून तो एकटा पायी निघाला. जर्मनीत दिलिंगेन येथे संत पेत्रुस कानिसियुस ह्यांनी त्यास काही दिवस विद्यार्थ्यांच्या पंगतीत वाढण्याच्या व खोल्या झाडण्याच्या कामी लावून पारखले आणि मग रोमला पाठविले. 28 ऑक्टोबर रोजी, म्हणजे सतरा वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, संघाचे महाअधिकारी संत फ्रान्सिस बोर्जिया ह्यांनी त्याचा स्वीकार केला. मुलाने आईबापांची आज्ञा मोडावी, असे आम्ही कधीही उपदेशिणार नाही. परंतु देवाने मागितलेला मुलगा घराच्या मानापानासाठी अडवून ठेवणे हेही आम्ही पाहिले आहे, आणि त्याचे फळ गोड निघालेले पाहिले नाही.

आता नवशिष्यांचा दिनक्रम कसा असे ते सांगितले पाहिजे, कारण स्तानिस्लावचे चरित्र म्हणजे हा दिनक्रमच होय. पहाटे उठून मनन, मग पवित्र मिस्सा. दिवसातून दोन वेळा सदसद्विवेकाची झडती. जेवताना मौन, आणि एकाने मोठ्याने वाचावयाचे. मधल्या वेळात झाडलोट, भांडी घासणे, लाकडे वाहणे. शिवाय संघाच्या नियमाप्रमाणे कसोट्या ठरलेल्या होत्या: एक महिना एकांतातील अध्यात्मसाधना, एक महिना रुग्णालयात रोग्यांची सेवा, एक महिना पैशावाचून यात्रा, आणि लहान मुलांस धर्मशिक्षण. भोजनानंतर थोडा वेळ सर्वांनी मिळून मोकळेपणाने बोलावयाचे. ही शेवटची गोष्ट सोपी वाटते. पण आम्ही स्वतः सेमिनरीत राहिलो आहोत, आणि आमच्या मते मौन पाळणे त्याहून सोपे असते. आपण निवडून न घेतलेल्या माणसांबरोबर रोज प्रेमाने बोलणे हीच खरी कसोटी.

स्तानिस्लावचे सोबती तरी कसे! क्लाउदियो आक्वाविवा हा आत्रीच्या ड्यूकचा पुत्र, वयाने सात वर्षांनी मोठा, पोपमहाशयांच्या दरबारातील मानाची जागा सोडून आलेला. चरित्रकार सांगतात की, एकदा ह्या दोघांस आचाऱ्याने लाकडे आणावयास धाडले व एका खेपेस दोनतीनच उचलण्यास सांगितले. क्लाउदियोला एवढ्याशा ओझ्याचे हसू आले. स्तानिस्लावने मात्र सांगितली तेवढीच उचलली. अधिक उचलण्यात थोडा अहंकार असतो, हे त्या मुलास उमगले होते. त्याच सुमारास बापाचे रागाचे, धमकीचे पत्र आले. ते वाचून तो रडला, पण नम्रपणे उत्तर लिहून पुन्हा कामास लागला.

1568 च्या एप्रिलात क्लाउदियोचा पुतण्या रुदोल्फ आक्वाविवा हाही नवशिष्य झाला. तो स्तानिस्लावच्याच वयाचा. चारच महिने त्यांचा सहवास घडला. 10 ऑगस्ट रोजी, संत लॉरेन्सच्या सणाला, स्तानिस्लावला ताप भरला. पवित्र मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आपण तिच्याजवळ असावे, अशी त्याची विनवणी होती. 15 ऑगस्टच्या पहाटे, हाती जपमाळ असता, त्याने प्राण सोडला. दोन वर्षांची उमेदवारी अर्धीदेखील झाली नव्हती.

पुढच्याच महिन्यात पावेल त्यास ओढून घरी न्यावयास रोमला आला, तो त्यास भावाची कबर दाखविण्यात आली. त्याने उरलेले आयुष्य पश्चात्तापात घालविले. 31 डिसेंबर 1726 रोजी स्तानिस्लाव व संत अलॉयसियस गोंझागा ह्या दोघांस एकत्रच संतपद देण्यात आले. रोममध्ये क्विरिनाल टेकडीवरील संत आंद्रेआच्या मंदिरात त्याची कबर आहे.

सोबत्यांचे काय झाले? क्लाउदियो 1581 साली संघाचा महाअधिकारी झाला व 1615 पर्यंत त्या पदावर राहिला. रुदोल्फ 1578 साली गोव्यास उतरला, अकबर बादशहाच्या दरबारी तीन वर्षे राहिला, आणि परत आल्यावर 25 जुलै 1583 रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे चार संघबंधूंसह मारला गेला. देवळे पाडली गेल्यामुळे तेथील लोक संतापलेले होते, हेही सांगितलेच पाहिजे. त्या पाचांची प्रेते मिळवून त्यांस मूठमाती देण्याकामी झटणारे पाद्री म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हे 1575 साली रोमच्या त्याच संत आंद्रेआच्या नवशिष्यगृहात दाखल झालेले इंग्रज गृहस्थ, आणि 1616 साली राशोल येथे छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते.