अशुद्ध बोलण्याचा गुन्हा

१९४३ च्या जून महिन्यात अर्जेंटिनात लष्कराने सत्ता हाती घेतली. नव्या राज्यकर्त्यांपुढे प्रश्न थोडेथोडके नव्हते. जगात महायुद्ध पेटलेले होते आणि अर्जेंटिनाच्या तटस्थतेवर चोहोबाजूंनी दडपण येत होते. तरीही या सरकारने ज्या गोष्टी तातडीच्या मानल्या त्यांत रेडिओवरच्या भाषेचे शुद्धीकरण ही एक होती. टँगो गीतांतील बोलीभाषेतले शब्द खोडले गेले. उकिरड्यावरच्या वस्तू वेचणाऱ्याला ब्यूनस आयर्सच्या गल्लीबोळांत ‘सिरुहा’ म्हणत. त्या नावाच्या गाजलेल्या टँगोला ‘संग्राहक’ अशा अर्थाचा सोज्वळ शब्द चिकटविण्यात आला. याच मोहिमेत देशातील सर्वांत लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीचा आवाज रेडिओवरून नाहीसा झाला. तिची पात्रे स्पॅनिश भाषा विद्रूप करतात आणि सारासार विचाराची कुवत नसलेल्या श्रोत्यांना बिघडवितात, असा तिच्यावर ठपका होता. या अभिनेत्रीचे नाव नीनी मार्शल.

हे नाव अर्थात जन्माचे नव्हे. मारिना एस्तेर त्रावेसो यांचा जन्म १ जून १९०३ रोजी ब्यूनस आयर्समध्ये, स्पेनच्या आस्तुरियास प्रांतातून आलेल्या कुटुंबात झाला. त्या तान्ह्या असतानाच वडील वारले. घर मध्यमवर्गीय, शिकलेले. ऐन विशीत एका अभियंत्याशी विवाह झाला, मुलगी झाली. परंतु नवऱ्याच्या जुगाराच्या व्यसनाने संसाराची वाताहत केली. मुलीला घेऊन त्या माहेरी परतल्या, तेव्हा पदरी काही नव्हते. अर्जेंटिनात त्या काळी विवाह पूर्णपणे मोडण्याची कायद्यात सोयच नव्हती; ती कायमची उपलब्ध व्हायला १९८७ साल उजाडावे लागले. नोकरी शोधणे प्राप्त होते. लिहिता येत असल्याने त्या नियतकालिकांकडे वळल्या, आणि ‘सिंतोनिया’ या रेडिओविषयक साप्ताहिकात टोपणनावाने एक सदर लिहू लागल्या. टाचणीच्या टोचण्या अशा अर्थाचे त्या सदराचे नाव होते. रेडिओवरच्या मंडळींना टोचता टोचता त्या स्वतःच रेडिओवर पोचल्या. प्रारंभी निरनिराळ्या भाषांतील गाणी म्हणणारी गायिका म्हणून त्या आल्या, आणि त्याकरिता एक फ्रेंच वाटणारे नावही घेतले होते. पुढे दुसऱ्या पतीच्या, मार्सेलो साल्सेदो याच्या, नावातील आद्याक्षरे जोडून ‘मार्शल’ हे आडनाव तयार झाले. गायिका म्हणून त्या विसरल्या गेल्या असत्या. त्यांचे खरे भांडवल गळ्यात नव्हते, कानात होते.

तो कान कशावर पोसला गेला हे समजण्यासाठी त्या शहराकडे पाहिले पाहिजे. १९१४ च्या जनगणनेत अर्जेंटिनाच्या सुमारे ७९ लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले होते. खुद्द ब्यूनस आयर्समध्ये तर दर दोन माणसांतले एक परदेशी. इटलीतून आणि स्पेनमधून, विशेषतः गॅलिसिया या दरिद्री प्रांतातून, बोटीच्या बोटी भरून माणसे येत. मध्ये अंगण आणि भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब अशा बिऱ्हाडांत ती राहत. या अंगणात नेपल्सचा हमाल, गॅलिसियाची मोलकरीण, पोलंडकडून आलेला ज्यू फेरीवाला आणि गावाकडून आलेला अर्जेंटिनी मजूर एकाच नळावर पाणी भरत. आपापली भाषा पुरती सुटलेली नाही आणि नवी पुरती आलेली नाही, अशा अवस्थेत ते एकमेकांशी बोलत. इटालियन आणि स्पॅनिश यांच्या या सरमिसळीला ‘कोकोलीचे’ असे नावच पडले. हे नाव मुळात पोदेस्ता बंधूंच्या सर्कशीतील नाटकात शिरलेल्या एका विदूषकी पात्राचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या रंगभूमीवरील छोट्या प्रहसनांचे सारे नेपथ्य म्हणजे हेच अंगण आणि सारा विनोद म्हणजे हीच बोली. म्हणजे नीनी मार्शल यांनी काही आकाशातून आणले नाही. फरक एवढाच की प्रहसनातली पात्रे बहुतेक ठरीव साच्याची असत, तर त्यांनी एकेका माणसाचे बोलणे ऐकून ते टिपले होते.

त्यांची पहिली गाजलेली व्यक्तिरेखा कांदिदा. ही गॅलिसियाहून आलेली मोलकरीण. हट्टी, पैशाला चिकट, भाबडी, आणि ज्या घरात काम करते त्या घरावर जीव टाकणारी. लहानपणी त्यांच्या घरी काम करणाऱ्या अशाच एका बाईचे बोलणे त्यांच्या कानात घर करून राहिले होते. दुसरी कातिता. ही अधिक धारदार. इटालियन स्थलांतरितांची ही मुलगी त्याच बिऱ्हाडांतून आलेली, भडक कपडे घालणारी, बडबडी, भोचक, कोणालाही न जुमानणारी. तिचे मूळ रेडिओ केंद्राच्या दाराशी सापडले. लोकप्रिय गायक-अभिनेता हुआन कार्लोस थोरी याची सही मिळावी म्हणून मुलींचे घोळके तेथे ताटकळत उभे असत, आणि त्यांचे बोलणे ऐकता ऐकता कातिता जन्माला आली. हाच थोरी १९३७ पासून ‘रेडिओ एल मुन्दो’ या बलाढ्य केंद्रावर त्यांच्यासमोर संवादाला उभा राहिला. तो साधे, शुद्ध बोलायचा आणि समोरची बाई त्याच्या प्रत्येक शब्दाची वाट लावायची.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. या कार्यक्रमांचे लेखन नीनी मार्शल स्वतः करीत. त्या काळी रेडिओवर अभिनेत्री पुष्कळ होत्या. स्वतःचे संवाद स्वतः लिहिणाऱ्या स्त्रिया मोजक्याच. चित्रपटांतही आपल्या पात्राच्या तोंडचे बोलणे दुसऱ्या कोणाच्या लेखणीवर त्या सहसा सोपवीत नसत. त्यांच्या पात्रांची संख्या पुढे वाढत गेली. शिकलेपणाच्या ओझ्याखाली वाकलेली पंडिती विद्यार्थिनी आली, वयस्क अविवाहित नीन्या होविता आली, ज्यू गृहिणी दोन्या पोला आली, कातिताची इटालियन आजी आली. आणि उच्चभ्रू वस्तीतील, लांबलचक आडनावे मिरविणारी मोनिका हीही आली. तिच्या बोलण्यातील नाकातले हेल आणि परकीय शब्दांची पेरणी नीनी मार्शल तितक्याच निर्दयपणे टिपत. गरिबांच्या अडाणीपणावर हसून पोट भरणारी नटी, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या मोनिकेकडे सोयीस्कर काणाडोळा केला. या बाईच्या विनोदात भाषा चुकत नाही असा कोणीच नव्हता. गरीब चुकत होते अज्ञानामुळे आणि श्रीमंत चुकत होते तोऱ्यामुळे, एवढेच.

१९३८ साली दिग्दर्शक मानुएल रोमेरो याने कातिताला पडद्यावर आणले. चित्रपटाचे नाव ‘मुहेरेस के त्राबाहान’, म्हणजे नोकरी करणाऱ्या स्त्रिया. बापाचे दिवाळे वाजलेली एक श्रीमंत तरुणी दुकानात काम करणाऱ्या मुलींच्या खानावळीत राहायला येते, असे कथानक. त्यातील एका मुलीची, म्हणजे कातिताची, भूमिका दुय्यम. पण प्रेक्षक घरी गेले ते तिला घेऊनच. त्यानंतर चित्रपटांची रीघ लागली. मोंतेविदेओतील घटस्फोट, ब्यूनस आयर्समधील विवाह आणि रिओमधील मधुचंद्र अशा अर्थाच्या शीर्षकांचे तीन चित्रपट १९३९-४० मध्ये झळकले. त्यातले पहिले शीर्षक अर्जेंटिनी प्रेक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. स्वदेशात घटस्फोट नाही, म्हणून माणसे नदीपलीकडच्या उरुग्वेत जात. एकट्या १९४० सालात नीनी मार्शल यांचे निदान चार चित्रपट आले. इतक्या घाईत काढलेल्या चित्रपटांत सगळेच सोने असणे शक्य नाही. कथा ठोकळेबाज, दिग्दर्शन कामचलाऊ, असे पुष्कळदा आढळते. परंतु त्या बोलू लागल्या की चित्रपट जागा होतो. लोक त्यांना परकरातला चॅप्लिन म्हणू लागले. ही तुलना फारशी नेमकी नाही. चॅप्लिनला शब्दांची गरज नव्हती, आणि नीनी मार्शल यांच्याजवळून शब्द काढून घेतले तर थोडेच उरले असते.

नेमके तेच १९४३ मध्ये घडले. शुद्धीकरणवाद्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. शेकडो तऱ्हेच्या लोकांचे एक राष्ट्र घडवायचे तर एक समान भाषा हवी, ही अर्जेंटिनी राज्यकर्त्यांची धारणा जुनी होती. १८८४ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, आणि स्थलांतरितांच्या मुलांना अर्जेंटिनी बनविण्याचे काम शाळाशिक्षकांवर येऊन पडले. ते त्यांनी मोठ्या निष्ठेने केलेही. वर्गात प्रमाणभाषा शिकविणे हा शिक्षकाचा धर्मच आहे. परंतु वर्गातील फळा आणि रस्त्यावरचे बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लष्करी अधिकाऱ्यांना उमगले नाही. कातिता ऐकून कोणी अशुद्ध बोलायला शिकत नव्हते. उलट कातिताला हसण्यासाठी श्रोत्याला शुद्ध रूप ठाऊक असावेच लागे. आपल्या आईबापांच्या बोलण्यातील चुका ज्यांना शाळेने दाखवून दिल्या होत्या, तीच पिढी रेडिओपुढे बसून हसत होती. त्या हसण्यात थोडी लाज होती आणि पुष्कळ माया होती. बंदीचा हुकूम काढणाऱ्यांना यातले काहीच ऐकू आले नसावे.

रेडिओ सुटल्यावर नीनी मार्शल यांनी चित्रपटांचा आधार घेतला. १९४५ साली त्यांनी ‘मादाम साँ-जेन’ मध्ये नेपोलियनच्या दरबारात डचेस होऊन पोचलेल्या आणि तरीही घाटावरचीच भाषा बोलणाऱ्या धोबिणीची भूमिका केली. ही निवड योगायोगाने झाली असेल. पण त्या वेळच्या प्रेक्षकांना तीत काही वेगळे दिसले नसेल असे मानणे कठीण आहे.

पुढचा आघात अधिक संदिग्ध स्वरूपाचा होता. १९४६ मध्ये हुआन पेरोन अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी एवा पेरोन या पूर्वाश्रमीच्या रेडिओ अभिनेत्री. एका मेजवानीत नीनी मार्शल यांनी एवा पेरोन यांची हीन नक्कल केली, अशी वदंता पसरली. त्यांनी ती अखेरपर्यंत नाकारली. परंतु दरबारी राजकारणात वदंतेला पुरावा लागत नाही. हळूहळू कामे येईनाशी झाली, आणि कोणताही लेखी हुकूम हाती न पडता आपल्याला नको असलेल्यांच्या यादीत घातले गेले आहे हे त्यांना कळून चुकले. गायिका-अभिनेत्री लिबेर्ताद लामार्के यांनी अशाच परिस्थितीत मेक्सिकोची वाट धरली होती. नीनी मार्शल यांनीही तीच धरली. मेक्सिकोत कांदिदा चालली. तेथेही गॅलिसियाची माणसे होती. गॅलिसियाची बाई मेक्सिकोत येते, मॅम्बो नाचते, अशा धर्तीचे चित्रपट निघाले. कातिताची गोष्ट निराळी. ती ब्यूनस आयर्सच्या मातीतली. त्या शहराबाहेर तिचे अर्धे बोलणे वाया जात असे. चाळिशी ओलांडलेल्या, भर बहरातील कलावंताला आपले सर्वांत नेमके हत्यार म्यानात ठेवून परमुलखात कामे करावी लागावीत, हे त्या बंदीपेक्षाही मोठे नुकसान होते.

१९५५ मध्ये पेरोन यांची सत्ता गेली. १९५६ साली ‘कातिता एस उना दामा’, म्हणजे कातिता ही एक सभ्य स्त्री आहे, हा चित्रपट मायदेशी प्रदर्शित झाला. शीर्षकातच परत आल्याची एक खोडकर घोषणा आहे. परंतु मधल्या काळात चित्रपटधंदा बदलला होता, जुने स्टुडिओ डबघाईला आले होते, आणि स्थलांतरितांची ती पिढीही म्हातारी झाली होती. नातवंडे अस्खलित बोलत होती. गंमत अशी की ज्या बोलीचे शब्द एकदा सरकारने खोडले, तिच्या अभ्यासाला वाहिलेली एक स्वतंत्र अकादमी १९६२ मध्ये ब्यूनस आयर्समध्येच स्थापन झाली.

नीनी मार्शल यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले ते चित्रपटात नव्हे, रंगमंचावर. १९७३ साली, वयाच्या सत्तरीत, त्या एका छोट्या नाट्यगृहात एकट्या उभ्या राहिल्या. मृताच्या घरी समाचाराला जमलेली मंडळी आणि त्यांची बडबड हा कार्यक्रमाचा विषय. एकामागून एक आपली जुनी पात्रे त्यांनी तेथे बोलावली. कार्यक्रमाच्या नावातच ‘एकाएकी’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द मोडून ‘रेदेपेन्ते’ असा, म्हणजे कातिता बोलेल तसा, लिहिलेला होता. तीस वर्षांपूर्वी ज्यासाठी बंदी आली तेच त्यांनी आता जाहिरातीच्या फलकावर छापले. तरुण प्रेक्षकांनी गर्दी केली. ज्या बिऱ्हाडांतले हे बोलणे होते ती त्यांनी पाहिलीही नव्हती. त्यांच्या आज्या मात्र असेच बोलत असत.

१९८० मध्ये त्यांचा अखेरचा चित्रपट आला. त्यात त्यांच्यासोबत लुईस सांद्रिनी हे दुसरे जुने विनोदी नट होते, आणि ते त्याच वर्षी निवर्तले. १९८५ साली नीनी मार्शल यांच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि १९८९ मध्ये ब्यूनस आयर्स शहराने त्यांना सन्माननीय नागरिक म्हणून गौरविले. १८ मार्च १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. रेकोलेता या शहरातील सर्वांत प्रतिष्ठित दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. राष्ट्राध्यक्ष, सेनापती आणि जुनी जमीनदार घराणी यांच्या संगमरवरी थडग्यांमध्ये, जेथे एवा पेरोन यांचीही कबर आहे.