दुसरा हिर्केनस

दुसरा हिर्केनस (मृत्यू: इ.स.पू. ३०) हा प्राचीन यहूदियातील हास्मोनियन घराण्याचा राजा आणि जेरुसलेमच्या मंदिराचा प्रमुख याजक होता. राजा अलेक्झांडर जानियस आणि राणी सलोमी अलेक्झांड्रा यांचा तो थोरला मुलगा. धाकटा भाऊ दुसरा ॲरिस्टोब्युलस याच्याशी गादीवरून झालेल्या त्याच्या संघर्षामुळे रोमन सेनापती पॉम्पी याला यहूदियात शिरण्यास निमित्त मिळाले. सुमारे ऐंशी वर्षे टिकलेले ज्यूंचे स्वतंत्र राज्य त्यामुळे इ.स.पू. ६३ मध्ये संपुष्टात आले.

घराण्याची पार्श्वभूमी

इ.स.पू. १६७ च्या सुमारास सेल्युसिड राजा चौथा अँटायोकस याच्या धार्मिक जुलमाविरुद्ध मत्तथ्या नावाच्या याजकाने आणि त्याच्या पाच मुलांनी उठाव केला. त्यातूनच हास्मोनियन घराणे उदयास आले. मत्तथ्याचा पुत्र यहूदा मक्काबी याने जेरुसलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले. त्याची आठवण म्हणून ज्यू लोक हनुक्का हा सण पाळतात. हे घराणे याजकांचे होते, दावीद राजाच्या वंशातले नव्हते. त्यामुळे प्रमुख याजकपद आणि राजमुकुट एकाच माणसाकडे असणे अनेक धर्मनिष्ठांना मान्य नव्हते.

या घराण्यात भाऊबंदकी जुनीच होती. हिर्केनसचा चुलता पहिला ॲरिस्टोब्युलस याने गादीसाठी स्वतःच्या आईला कैदेत टाकले व तेथे तिची उपासमार होऊन ती मरण पावली. पुढे संशयावरून त्याने एका भावाचाही जीव घेतला. इ.स.पू. १०३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या विधवेने कैदेतील दिरांना मुक्त केले आणि त्यांपैकी अलेक्झांडर जानियस राजा झाला. ही विधवा म्हणजेच पुढे जानियसची पत्नी झालेली सलोमी अलेक्झांड्रा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जानियसने राज्याचा मोठा विस्तार केला. परंतु परुशी पंथाशी त्याचे हाडवैर होते आणि त्यातून झालेल्या यादवीनंतर त्याने आठशे विरोधकांना वधस्तंभावर चढवले.

हिर्केनसचे जन्मवर्ष निश्चित नाही. मृत्यूसमयी त्याचे वय ऐंशीच्या वर होते असे इतिहासकार जोसिफस लिहितो. मात्र आईचा जानियसशी विवाह इ.स.पू. १०३ नंतरचा धरल्यास हा हिशेब जुळत नाही. त्याचे वय सत्तरीच्या आसपास असावे.

आईचा राज्यकाळ

इ.स.पू. ७६ मध्ये जानियस मरण पावला आणि राज्य राणीकडे आले. स्त्रीला याजकपद धारण करता येत नसल्यामुळे तिने हिर्केनसला प्रमुख याजक केले. जोसिफसच्या मते यामागे वडीलकीइतकेच त्याच्या शांत, निरुपद्रवी स्वभावाचेही कारण होते. धाकटा ॲरिस्टोब्युलस तापट व महत्त्वाकांक्षी असल्याने त्याला कारभारापासून दूर ठेवण्यात आले. राणीने परुशांशी समेट केला. त्यांनी मात्र जुन्या राजाच्या सल्लागारांवर सूड उगवण्यास सुरुवात केली. दुखावलेले सरदार ॲरिस्टोब्युलसभोवती जमले आणि त्यांच्या विनंतीवरून राणीने काही गढ्या त्यांच्या ताब्यात दिल्या. हीच तिची मोठी चूक ठरली. ती आजारी पडताच ॲरिस्टोब्युलस रातोरात राजधानीतून निसटला आणि थोड्याच दिवसांत बावीस गढ्या त्याच्या हाती आल्या. राणीने त्याच्या बायकामुलांना ओलीस ठेवले, परंतु निर्णय होण्याआधीच इ.स.पू. ६७ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी ती निवर्तली.

भावाशी संघर्ष

हिर्केनस गादीवर बसला खरा, पण यरीहोजवळच्या लढाईत त्याचे बरेचसे सैनिक भावाला जाऊन मिळाले. हिर्केनसने जेरुसलेमच्या बालेकिल्ल्याचा आश्रय घेतला. भावाची बायकामुले तेथेच ओलीस असल्यामुळे त्याला तहाची बोलणी करता आली. ॲरिस्टोब्युलसने राजा व्हावे आणि हिर्केनसने आपले उत्पन्न राखून खाजगी जीवन जगावे, असे ठरले. मंदिरात लोकांसमक्ष शपथा झाल्या, दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले आणि आपापली घरे बदलली. हिर्केनसचे राज्य जेमतेम तीन महिने टिकले.

प्रकरण येथेच मिटले असते. परंतु इदुमियाचा श्रीमंत व धूर्त सरदार अँटिपेटर याने हिर्केनसच्या मनात भीती भरवली, की ॲरिस्टोब्युलस त्याला जिवंत ठेवणार नाही. हिर्केनसचा विश्वास बसेना. अखेर पुष्कळ आग्रहानंतर तो अँटिपेटरबरोबर नाबाती राजा तिसरा अरेतस याच्या पेट्रा या राजधानीत पळून गेला. जानियसने जिंकलेली बारा नगरे परत देण्याच्या बोलीवर अरेतस मोठी फौज घेऊन आला आणि त्याने ॲरिस्टोब्युलसला मंदिराच्या टेकडीवर कोंडले.

या वेढ्यातील दोन प्रसंग जोसिफसने नोंदवले आहेत. पाऊस पाडणारा म्हणून ख्याती असलेला ओनियस (होनी) हा सत्पुरुष हिर्केनसच्या लोकांनी धरून आणला आणि त्याला आतील लोकांना शाप देण्यास फर्मावले. दोन्ही बाजू देवाचीच माणसे असल्याने कोणाचेही दुसऱ्याविरुद्धचे मागणे ऐकू नये, अशी त्याने प्रार्थना केली. तेव्हा जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. पुढे वल्हांडण सण आला. आतील याजकांना बळीसाठी जनावरे हवी होती. एका जनावरास एक हजार द्राख्मा हा भाव त्यांनी मान्य केला आणि पैसे तटावरून खाली सोडले. वेढा घालणाऱ्यांनी पैसे ठेवून घेतले व जनावरे दिलीच नाहीत.

रोमचा हस्तक्षेप

याच सुमारास पॉम्पीचा अधिकारी स्कॉरस सीरियात पोहोचला. दोन्ही भावांनी त्याला प्रत्येकी चारशे टॅलंट देऊ केले. ॲरिस्टोब्युलसकडून रक्कम मिळण्याची शक्यता अधिक, असे पाहून स्कॉरसने त्याची बाजू घेतली आणि अरेतसला माघारी धाडले. इ.स.पू. ६३ मध्ये दमास्कस येथे पॉम्पीपुढे दोघे भाऊ उभे राहिले. तिसरे शिष्टमंडळ लोकांचे होते. आम्हांला राजाच नको, पूर्वीप्रमाणे याजकांचे शासन हवे, असे त्यांचे मागणे होते. पॉम्पीने निर्णय लांबणीवर टाकला. ॲरिस्टोब्युलसची चलबिचल पाहून त्याने त्याला कैद केले आणि जेरुसलेमवर चाल केली. हिर्केनसच्या पक्षाने शहराचे दरवाजे उघडले. ॲरिस्टोब्युलसच्या पक्षाने मंदिर तीन महिने लढवले. मंदिर पडल्यावर, केवळ प्रमुख याजकाने वर्षातून एकदाच प्रवेश करावयाच्या परमपवित्र स्थानात पॉम्पी शिरला. मंदिराच्या खजिन्याला मात्र त्याने हात लावला नाही.

हिर्केनसला याजकपद परत मिळाले, मुकुट मिळाला नाही. राज्य रोमचे मांडलिक झाले, खंडणी बसली आणि ॲरिस्टोब्युलसला मुलाबाळांसह रोमला नेण्यात आले. त्याने व त्याच्या मुलांनी पुढे वारंवार बंडे केली. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने ॲरिस्टोब्युलसला सोडले, तेव्हा पॉम्पीच्या पक्षपात्यांनी त्याला विष घातले. त्याचे प्रेत मधात जतन करून ठेवले होते आणि बऱ्याच काळानंतर ते मायदेशी येऊन राजघराण्याच्या थडग्यांत विसावले.

अँटिपेटर आणि हेरोद

नाव हिर्केनसचे आणि कारभार अँटिपेटरचा, अशी पुढची वीस वर्षे होती. इजिप्तमध्ये अडचणीत सापडलेल्या सीझरला दोघांनी मदत केली. त्याबद्दल इ.स.पू. ४७ मध्ये सीझरने हिर्केनसला वंशपरंपरागत प्रमुख याजकपद व एथ्नार्क, म्हणजे जनाधिपती, ही पदवी दिली आणि जेरुसलेमचे तट पुन्हा बांधण्यास परवानगी दिली. अँटिपेटरने मात्र थोरला मुलगा फासाएल जेरुसलेमवर आणि धाकटा हेरोद गालीलावर नेमला. हेरोदाने चौकशीविना काही बंडखोरांना ठार केले, तेव्हा न्यायसभेने त्याला पाचारण केले. हिर्केनसने त्याला निसटू दिले. पुढे हेरोदाचा वाङ्‌निश्चय मरियम्नेशी झाला. हिर्केनसची मुलगी अलेक्झांड्रा ॲरिस्टोब्युलसच्या मुलाला दिलेली होती. मरियम्ने ही त्यांची कन्या, म्हणजे दोन्ही वैरी भावांची नात.

अपंगत्व आणि निर्वासन

इ.स.पू. ४० मध्ये ॲरिस्टोब्युलसचा धाकटा मुलगा अँटिगोनस पार्थियनांच्या (पह्लवांच्या) मदतीने चालून आला. वाटाघाटीच्या मिषाने फासाएल व हिर्केनस यांना पकडण्यात आले. फासाएलने दगडावर डोके आपटून जीव दिला. हिर्केनसचे कान छाटण्यात आले. जोसिफसच्या एका ग्रंथात तर पुतण्याने ते दातांनी तोडल्याचे म्हटले आहे. ही निव्वळ क्रूरता नव्हती. शरीरात व्यंग असलेल्यास धर्मशास्त्रानुसार याजक होता येत नाही, म्हणून जीव न घेताच चुलत्याचा हक्क कायमचा नष्ट करण्याचा हा मार्ग होता.

पार्थियन राजाने हिर्केनसला सन्मानाने वागवले. बॅबिलोनमधील मोठ्या ज्यू समाजाने त्याला राजा व प्रमुख याजक यांचा मान दिला. इकडे हेरोदाने रोमकडून राजपद मिळवले, इ.स.पू. ३७ मध्ये जेरुसलेम घेतले आणि मरियम्नेशी विवाह केला. अँटिगोनसचा अँटिओकमध्ये शिरच्छेद झाला. हेरोदाने हिर्केनसला परत बोलावले, तेव्हा बॅबिलोनच्या ज्यूंनी त्याला न जाण्याची विनवणी केली. मायदेशाची ओढ मात्र प्रबळ ठरली. हेरोद त्याला सर्वांसमक्ष पिता म्हणून संबोधत असे आणि मेजवानीत पहिले आसन देत असे. थोड्याच काळात हिर्केनसचा नातू तिसरा ॲरिस्टोब्युलस, वय अठराच्या आत असलेला नवा प्रमुख याजक, यरीहोच्या तलावात बुडवून मारला गेला.

मृत्यू

ॲक्टियमच्या लढाईत मार्क अँटनीचा पराभव झाल्यावर हेरोदाला ऑक्टेव्हियनसमोर जाणे भाग पडले. आपल्या मागे राजरक्ताचा वृद्ध पुरुष जिवंत असणे त्याला धोक्याचे वाटले. इ.स.पू. ३० मध्ये हिर्केनसला देहदंड देण्यात आला. याच्या दोन हकिकती जोसिफस देतो. हेरोदाच्या आठवणींनुसार हिर्केनसने मुलीच्या आग्रहावरून नाबाती राजा माल्कस याच्याकडे आश्रय मागणारे पत्र लिहिले आणि निरोप्याने ते हेरोदाच्या हाती दिले. दुसऱ्या हकिकतीत कटाचा मागमूस नाही. भोजनाच्या वेळी हेरोदाने सहज विचारले आणि हिर्केनसने माल्कसकडून कुशलाचे पत्र व चार घोडे आल्याचे सरळ सांगून टाकले. तोच राजद्रोह ठरला.

हिर्केनसचे दुर्बळ व आळशी असे जे चित्र रूढ आहे, ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जोसिफसचा एक प्रमुख आधार दमास्कसचा निकोलस हा होता आणि तो हेरोदाच्या दरबारातील इतिहासकार होता. अँटिपेटरच्या कुळाचे मोठेपण सांगायचे तर हिर्केनसला निष्क्रिय दाखवणे सोयीचे होते. सीझरची फर्माने मात्र अँटिपेटरच्या नावाने नसून हिर्केनसच्याच नावाने आहेत.

त्याच्यानंतर वर्षभरात मरियम्नेला आणि त्यापाठोपाठ अलेक्झांड्रेलाही हेरोदाने मृत्युदंड दिला. मरियम्नेपासून झालेले त्याचे दोन मुलगे इ.स.पू. ७ च्या सुमारास बापाच्याच हुकमाने मारले गेले.