डॉक्टर रॉबर्ट बारानी

आपल्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव बडोद्यात कोणास ठाऊक नाही? मल्लखांबावर डोके खाली व पाय वर करूनही मुलगा तोल सावरतो, तेव्हा आपण त्याच्या स्नायूंचे कौतुक करतो. परंतु त्या स्नायूंना दिशा दाखविणारा एक चिमुकला अवयव कानाच्या अंतर्भागात दडलेला असतो. तेथील अर्धवर्तुळाकार नलिकांत एक द्रव असतो. डोके हलताच त्या द्रवाच्या हालचालीची वार्ता मेंदूस पोहोचते. ही वार्ता वाचून रोग ओळखण्याची रीत वैद्यांना ज्यांनी शिकविली, त्या डॉक्टर रॉबर्ट बारानी यांची ही जीवनकथा.

बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजी व्हिएन्ना नगरीत झाला. बालपणी हाडांचा क्षय होऊन त्यांचा एक गुडघा कायमचा आखडला. तरीही टेनिस खेळणे व डोंगर चढणे त्यांनी सोडले नाही. या दुखण्यामुळेच वैद्यकाकडे त्यांचे लक्ष वेधले. १९०० साली पदवी मिळविल्यानंतर काही वर्षांनी ते व्हिएन्नाच्या कर्णरोग चिकित्सालयात काम करू लागले.

तेथे पिचकारीने कान धुताना अनेक रोग्यांना भोवळ येई. एकदा एका रोग्याने सांगितले, की पाणी पुरेसे ऊन नसले म्हणजेच आपणास घेरी येते. परिचारिकेला पाणी ऊनच वाटत होते. तथापि बारानींनी रोग्याचे म्हणणे मानले. पुढील खेपेस पाणी फारच कढत आले आणि रोग्यास पुन्हा घेरी आली. मात्र या वेळी त्याची बुबुळे उलट दिशेने झटके घेत होती! यातच बारानींना मर्म गवसले. बंबातील तापलेले पाणी जसे वर चढते, तसाच कानातील द्रवही ऊन-थंडीने वाहू लागतो, असे त्यांनी अनुमान केले. १९८३ साली अंतराळयानात, वजनरहित अवस्थेतही, बुबुळे तशीच हलली. तेव्हा हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. परीक्षा मात्र टिकून राहिली.

तिचा उपयोग मोठा आहे. ऊन वा थंड पाण्याने बुबुळे हललीच नाहीत, तर त्या बाजूचा तोलाचा अवयव किंवा त्याचा मज्जातंतू निकामी झाल्याचा संशय येतो. कानाचे उत्तर ठीक असूनही तोल जात असेल, तर दोष मेंदूत शोधावा लागतो. डोळे मिटून बोटाने खूण दाखविण्याची परीक्षाही बारानींनी बसविली. हात कोणत्या बाजूस ढळतो, यावरून लहान मेंदूच्या विकाराचा माग लागू शकतो. कवटी न उघडता आतील बिघाडाची चाहूल घेण्याचा हा मार्ग होता.

पुढे पहिले महायुद्ध भडकले. पाय अधू असूनही बारानी सैन्यात शल्यवैद्य म्हणून गेले. १९१५ साली प्शेमिश्ल किल्ला पडला, ते रशियनांच्या हाती सापडले आणि दूर मर्व्ह येथे बंदिवासात पडले. तेथेही त्यांनी रोग्यांची सेवा केली. १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आपणास मिळाल्याची वार्ता त्यांना या बंदिवासातच कळली. स्वीडनच्या राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीने मध्यस्थी केल्यावर १९१६ साली त्यांची सुटका झाली.

पण मायदेशी हारतुऱ्यांऐवजी आरोप वाट्यास आले. इतरांच्या शोधांचे श्रेय त्यांनी पुरेसे दिले नाही, असे काही सहकारी म्हणू लागले. स्वीडिश शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. खिन्न मनाने बारानी १९१७ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात गेले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. साठाव्या वाढदिवसास अवघे चौदा दिवस उरले असता, ८ एप्रिल १९३६ रोजी, त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, पाणी ऊन नाही, ही तक्रार किती क्षुल्लक! ती कानाआड केली असती, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. बारानींनी ती ऐकली, आणि आजही चक्कर येणाऱ्या रोग्याच्या कानात ऊन-थंड पाणी सोडून वैद्य त्याच्या बुबुळांकडे पाहतात.