साखरेचा दस्तरखान आणि बिर्याणीतला बटाटा

लखनौ शहर आता रायबरेली मार्गावरील वृंदावन योजनेपर्यंत विस्तारले आहे. मात्र या शहराच्या खाण्यापिण्याचे किस्से निघाले की गप्पांचा ओघ कैसरबाग उभारणारे नवाब वाजिद अली शाह यांच्याकडे वळतो.

१८२२ साली जन्मलेले वाजिद अली शाह १८४७ मध्ये अवधच्या गादीवर आले. कथक आणि ठुमरीचे आश्रयदाते म्हणून ते परिचित आहेत; त्यांच्या मुदपाकखान्याची कीर्तीही तितकीच मोठी होती. दिल्लीचे शाहजादे मिर्झा आसमान कद्र यांना त्यांनी एकदा भोजनास बोलावले. समोरचा मुरंबा पाहुण्यांनी चाखला आणि ते चकित झाले. तो मुरंबा नसून मांसाचा कोरमा होता. काही दिवसांनी शाहजाद्यांनी परतफेडीचे आमंत्रण दिले. नवाब सावध होते, तरीही फसले. पुलाव, कबाब, पराठे, लोणची, सारे काही साखरेचे होते. ताटवाट्या आणि दस्तरखानही साखरेचाच! बालपणीची काही वर्षे नवाबांच्या मटियाबुर्जमध्ये काढलेले लेखक अब्दुल हलीम शरर यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

फेब्रुवारी १८५६ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. दाद मागण्यासाठी नवाबांच्या मातोश्री इंग्लंडला गेल्या, परंतु त्यांना यश आले नाही. १८५८ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. दरम्यान, १८५७ च्या उठावात लखनौमध्ये बेगम हजरत महल इंग्रजांशी झुंजत असताना नवाब कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये कैदेत होते.

सुटकेनंतर कोलकात्याजवळील मटियाबुर्ज येथे त्यांनी जणू दुसरे लखनौच वसवले. बरोबर आलेल्या आचाऱ्यांनी तेथे बिर्याणीत बटाटा घातला, असे सांगितले जाते. मांस परवडेनासे झाल्याने ही वेळ आली, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. ते सहज पटणारे नाही. नवाबांना वर्षाला १२ लाख रुपये तनखा होता आणि वाघांपासून सापांपर्यंत प्राणी बाळगण्याचा त्यांचा शौक निर्वासनातही सुटला नव्हता. पोर्तुगिजांमुळे भारतात आलेला बटाटा त्या काळी बंगालमध्ये तुलनेने नवा होता. मराठीतील बटाटा हे नावही पोर्तुगिजांकडूनच आलेले. नव्या पदार्थाचे कुतूहल हे कारण अधिक संभवनीय वाटते.

२१ सप्टेंबर १८८७ रोजी मटियाबुर्ज येथे नवाबांचे निधन झाले. तेथील सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. लखनौला परतणे त्यांच्या नशिबी नव्हते.