पदक छातीवर, जखम काळजात

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या लाइट हॉर्स या घोडेस्वार दलात हजारो जवान लढले. त्यांतल्या एकालाच ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळाले. त्यांचे नाव ह्यूगो थ्रोसेल. लढाईत नाव कमावून हा माणूस गावी परतला आणि भर सभेत युद्धाच्याच विरोधात बोलला. त्या बोलण्याची किंमत पुढे आयुष्यभर आपल्यालाच मोजावी लागली, असे त्यांना वाटत राहिले.

ह्यूगो यांचा जन्म 26 ऑक्टोबर 1884 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्थम या गावी झाला. वडील जॉर्ज थ्रोसेल हे मोठे व्यापारी होते. 1901 मध्ये काही महिने ते त्या प्रांताचे प्रीमियरही होते. घरात चौदा भावंडे. ह्यूगो उंचेपुरे, फुटबॉल आणि मुष्टियुद्धात तरबेज. मात्र वडिलांच्या पुण्याईवर जगणे त्यांच्या स्वभावात नव्हते. उत्तरेकडच्या गुरांच्या विस्तीर्ण रानांवर त्यांनी घोड्यावर बसून गुरे वळण्याचे काम केले. पुढे थोरला भाऊ रिक याच्यासोबत काउकाउइंग येथे जमीन घेतली. दोघे भाऊ जिवाभावाचे मित्र होते. पण पावसाने दगा दिला आणि दुष्काळाने शेत करपले. 1914 मध्ये युद्ध पेटले, तेव्हा दोघेही दहाव्या लाइट हॉर्स रेजिमेंटमध्ये भरती झाले.

गॅलिपोलीच्या डोंगराळ किनाऱ्यावर घोड्यांचा उपयोग नव्हता. घोडी इजिप्तमध्ये ठेवून स्वारांना पायी लढायला पाठवले गेले. ह्यूगो 4 ऑगस्ट 1915 रोजी तिथे उतरले. ते दिवस रमजानचे होते. समोरच्या खंदकांत उस्मानी फौज होती आणि तिच्यातही अनातोलियाच्या खेड्यांतून आलेले शेतकरी होते. नांगर धरणारे हात दोन्ही बाजूंना बंदुका धरून बसले होते. तीनच दिवसांनी, 7 ऑगस्टला पहाटे, नेक नावाच्या अरुंद कड्यावर ऑस्ट्रेलियन स्वारांच्या एकामागून एक रांगा मशीनगनच्या तोंडी धाडल्या गेल्या. पाऊण तासाच्या आत सारे संपले. दोन रेजिमेंटचे 234 जवान मारले गेले. ह्यूगो वाचले, पण शेजारपाजारच्या गावांतले कितीतरी सोबती त्यांनी तिथे गमावले.

त्याच महिन्याच्या अखेरीस हिल 60 या टेकडीची लढाई झाली. 29 ऑगस्टच्या रात्री ह्यूगो यांच्या तुकडीने खंदकाचा एक भाग ताब्यात घेतला आणि मातीच्या पोत्यांचा अडसर उभारला. पलीकडे काही हातांवर तुर्की सैनिक होते. रात्रभर हातबाँबचा मारा चालला. पेटत्या वातीचा बाँब आत पडला की तो उचलून परत फेकायचा, नाहीतर मरायचे. त्या रात्री तीन हजारांहून अधिक बाँब इकडून तिकडे गेले असे सांगतात. ह्यूगो दोनदा जखमी झाले, चेहरा रक्ताने माखला, तरी ते जागेवरून हलले नाहीत. जखमा बांधून ते पुन्हा आघाडीवर गेले. अखेर डॉक्टरांना हुकूम सोडून त्यांना मागे पाठवावे लागले. याच रात्रीसाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

लंडनच्या इस्पितळात मेंदूज्वराने त्यांना पुन्हा मृत्यूच्या दारात नेले. तिथल्या मुक्कामातच कॅथरिन सुझाना प्रिचर्ड या ऑस्ट्रेलियन लेखिकेशी त्यांची ओळख झाली. बरे होताच ते रेजिमेंटमध्ये परतले. एप्रिल 1917 मध्ये गाझाच्या दुसऱ्या लढाईत ते जखमी झाले आणि त्याच लढाईत रिक बेपत्ता झाला. रात्री ह्यूगो रणभूमीवर सरपटत फिरले. लहानपणी दोघे भाऊ एकमेकांना ज्या शिट्टीने हाक मारत, तीच शिट्टी ते अंधारात वाजवत राहिले. उत्तर आले नाही. डिसेंबरात बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेम, उस्मानी सत्तेच्या हातून गेले. त्या वेळी दहाव्या लाइट हॉर्सच्या मानवंदना पथकाचे नेतृत्व ह्यूगो यांनी केले. विजय पाहायला भाऊ नव्हता.

जानेवारी 1919 मध्ये त्यांनी कॅथरिनशी लग्न केले आणि पर्थजवळच्या ग्रीनमाउंट येथे संसार थाटला. त्याच वर्षी जुलैत नॉर्थममध्ये शांतता दिन साजरा झाला. गावाला आपल्या वीराकडून पराक्रमाच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. ह्यूगो यांनी सांगितले की, युद्धाने आपल्याला समाजवादी बनवले आहे आणि नफ्यासाठी होणारी युद्धे थांबली पाहिजेत. टाळ्यांच्या जागी सभेत शांतता पसरली. माजी प्रीमियरचा मुलगा, पदकधारी अधिकारी असे बोलतो, हे अनेकांना रुचले नाही.

पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. ग्रीनमाउंटची शेती, परतलेल्या सैनिकांना जमिनी देणाऱ्या मंडळावरचे काम, जमिनींचे व्यवहार, सोन्याचा शोध. कशातच जम बसला नाही. मुलगा झाला, त्याचे नाव भावाच्या आठवणीने रिक ठेवले. 1930 नंतरच्या मंदीत कर्ज वाढत गेले. व्हिक्टोरिया क्रॉस गहाण ठेवायला गेले, तेव्हा त्याचे दहा शिलिंग देऊ केले गेले. 1933 मध्ये कॅथरिन रशियाच्या दौऱ्यावर असताना त्यांनी आपल्या जमिनीवर घोडेस्वारीचे खेळ भरवले. माणसे आली, पण रविवारी प्रवेशशुल्क घ्यायला कायद्याची मनाई होती. कर्ज आणखी चढले. 19 नोव्हेंबर 1933 रोजी त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. युद्धातून आपण कधीच सावरलो नाही, असे ते मागे लिहून गेले. आपल्या बायकोमुलाला सरकारने निवृत्तिवेतन द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दफन मात्र पूर्ण लष्करी इतमामात झाले.

पन्नास वर्षांनी, 1983 मध्ये, मुलगा रिक याने वडिलांचे पदक अण्वस्त्रविरोधी चळवळीला देऊन टाकले. माजी सैनिकांच्या संघटनेने ते विकत घेऊन कॅनबेराच्या युद्धस्मारकाला दिले. आज ते तिथे आहे. ज्या पदकाने दहा शिलिंगांवर घर सावरले नसते, त्याची किंमत अखेर अमनच्या कामी आली. नॉर्थमच्या सभेत अर्धवट राहिलेली बाप्याची गोष्ट लेकाने अशी पुरी केली.