ट्रामचालक, टेलिफोनवाल्या मुली आणि एक खुनी : ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांची गोष्ट

रेल्वेत लोको पायलट व्हायचं तर आज मानसशास्त्रीय चाचणी द्यावी लागते. माणसाला कामावर घेण्याआधी त्याचं लक्ष किती टिकतं हे मोजण्याची ही पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांत ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांचं नाव पहिल्या फळीत येतं. मात्र त्यांची सर्वात मोठी फजिती कामगारांच्या नाही, तर एका खुन्याच्या चाचणीत झाली.

जन्म १८६३ चा, डान्झिगचा. हे बंदर तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वडील लाकडाचे व्यापारी, घराणं ज्यू. लाइपझिगला वुंट यांच्याकडे मानसशास्त्र आणि हायडेलबर्गला वैद्यक शिकून झालं. १८९२ मध्ये विल्यम जेम्स यांनी त्यांना प्रयोगशाळा चालवायला हार्वर्डला बोलावलं. पुढे या दोघांत खटके उडाले, तो भाग वेगळा.

१९०५ च्या डिसेंबरात आयडाहोचे माजी गव्हर्नर फ्रँक स्टुनेनबर्ग घराच्या फाटकाशी बॉम्बने मारले गेले. १८९९ च्या खाण संपात त्यांनी लष्कर मागवलं होतं, तो राग कामगारांच्या मनात होताच. बॉम्ब ठेवणारा हॅरी ऑर्चर्ड पकडला गेला. खाणकामगार संघटनेच्या पुढाऱ्यांनी सुपारी दिली, असं तो सांगू लागला. त्याच्या एका जबानीवर बिल हेवुड या पुढाऱ्याचा गळा फासात अडकणार होता.

१९०७ मध्ये खटला सुरू असताना मुन्स्टरबर्ग तुरुंगात गेले. एक शब्द द्यायचा, समोरच्याने सुचेल तो शब्द बोलायचा, लागलेला वेळ मोजायचा, अशा अनेक चाचण्या घेतल्या. निष्कर्ष काढला की ऑर्चर्ड खरं बोलतोय. इथवर ठीक. पण निकाल लागायच्या आतच हे मत वर्तमानपत्रात छापून आलं आणि गदारोळ झाला. ज्युरीने हेवुडला निर्दोष सोडलं. साक्षीदाराच्या आठवणीवर किती विसंबायचं, याबद्दल त्यांनी १९०८ मध्ये पुस्तक काढलं, तर वकिलांनी त्यांची जाहीर टिंगल केली. खरं तर साक्ष चुकू शकते हे त्यांचं म्हणणं आज कुणी नाकारत नाही. घाई मात्र त्यांना नडली.

कामगारांच्या बाबतीत त्यांचा हात जास्त बसला. ट्रामच्या अपघातांची भरपाई कंपन्यांना जड जात होती. मुन्स्टरबर्गनी कागदी पट्टीवर रूळ काढले, बाजूला आकडे टाकले: १ म्हणजे पादचारी, २ घोडा, ३ मोटार. चालकाने दांडा फिरवत धोक्याचे आकडे टिपायचे. टेलिफोन कंपनीने तर त्यांचीच परीक्षा घेतली. नवशिक्या मुलींत काही मुरलेल्या ऑपरेटर गुपचूप मिसळल्या. चाचणीत त्याच वर आल्या! हे सगळं १९१३ च्या इंग्रजी पुस्तकात आलं. कोलकाता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला त्यांच्याकडेच शिकलेले.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. मुन्स्टरबर्ग जर्मनीची बाजू उघडपणे मांडत राहिले. जुन्या सहकाऱ्यांनी बोलणं टाकलं, हेर असल्याचा संशय घेतला गेला. इतरांचं कुठे जमेल हे मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्याच कामाच्या जागी कुणी जवळ करेना. तरी शिकवणं सोडलं नाही. १६ डिसेंबर १९१६ रोजी रॅडक्लिफ कॉलेजात व्याख्यान देता देता ते कोसळले आणि तिथेच गेले. वय ५३.